हवालदारांचा एकटा देव

परत आल्यापासून अमरावतीत जो तो मला एकच विचारतो. महाबळेश्वर पाहिलं का? नाही पाहिलं. प्रतापगड? तोही नाही. मग आठ दिवसांची रजा टाकून सातारा-सांगलीकडे जाऊन केलंस तरी काय, बाई? मी सांगते, एक भांडण पाहिलं. लोकांना वाटतं, बांधावरचं असेल, भाऊबंदकीचं असेल. तसलं बघायला इतक्या लांब कशाला जायला हवं? हे भांडण देवाचं होतं. देव तरी कुणाचा, तर ख्रिस्ती लोकांचा. आणि त्यात पंच म्हणून मध्ये बसवलं होतं ते मला, जिच्या घरी सोमवारी महादेवाला बेल वाहिल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही!

एस्तेर माझ्या शाळेत भूगोल शिकवते. अकरा वर्षं आम्ही दोघी एका डब्यातून जेवतो. तिचं माहेर इस्लामपूर आणि सांगलीच्या मधलं एक खेडं. वडील फौजेतले निवृत्त हवालदार, घरादाराचे दादा. शहात्तर सालच्या एप्रिलात परीक्षा संपल्या तेव्हा ती म्हणाली, "सुमन, ईस्टरला माझ्याबरोबर चल. दादांशी मी बोलायला गेले की वाद होतो. परकं माणूस घरात असलं की ते जरा नीट वागतात." मी पुण्याच्या पुढे कधी गेलेच नव्हते. तपासायचे पेपर पिशवीत कोंबले आणि निघाले.

गुरुवार, सातारा

एस.टी.तून उतरलो तर अजिंक्यतारा समोरच उभा. आमच्याकडे डोंगर बघायचा म्हणजे चिखलदऱ्यापर्यंत जावं लागतं. इथे लोक भाजी आणायला डोंगराच्या पायथ्याशी जातात आणि वर मान करून बघतसुद्धा नाहीत. मी मात्र वर बघत चालले आणि एका पेरूच्या पाटीत पाय घातला. पाटीवालीनं मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण आवाज फार गोड होता तिचा.

आम्ही थांबलो ते दाविद पाळकांकडे. पाळक म्हणजे त्या लोकांचे धर्मगुरू. साताऱ्यात राहून ते आसपासच्या चार गावांतल्या मंडळींचं बघतात, त्यात एस्तेरचंही गाव आलं. माझ्या डोक्यात पांढरा झगा आणि लांब दाढी. प्रत्यक्षात बनियन-पायजम्यातला एक चाळिशीचा माणूस दारात सायकलचं पंक्चर काढत बसला होता. "सलाम, सलाम," म्हणून त्यांनी काळे झालेले हात पाठीमागे लपवले. ही त्यांची आपापसात भेटल्यावर म्हणायची रीत. मी नमस्कार केला.

"आधी कंदी पेढा खा, बाई," ते म्हणाले. "मग मी रडगाणं सुरू करतो." पेढा तपकिरी, खरपूस भाजलेला. आमच्याकडचा पांढरा पेढा याच्यापुढे आजारी वाटतो, हे मी वऱ्हाडची असून कबूल करते.

मग त्यांनी सांगितलं. ख्रिस्ती उपासनेत आपला विश्वास कशावर आहे ते सगळे उभे राहून एका सुरात म्हणतात. त्यातली मोठी गोष्ट अशी, की बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव. पुत्र म्हणजे येशू. याला त्र्यैक्य म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या एका नाताळात सगळी मंडळी हे म्हणत असताना हवालदार मध्येच मोठ्यांदा बोलले, 'हे मला म्हणवणार न्हाई. देव एकच हाय. बाप तो बाप, लेक तो लेक.' आणि खाली बसले.

"आता जो हे मानत नाही त्याला प्रभुभोजन द्यायचं नाही, असा नियम आहे," पाळक म्हणाले. "येशूनं मरायच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांना भाकर मोडून दिली. त्याची आठवण म्हणून आम्ही भाकरीचा तुकडा आणि मनुकांचा रस घेतो. आमच्याकडे याहून मोठं काही नाही. वडीलधारी मंडळी म्हणाली, नियम तो नियम. मग सांगितलं मीच. माझा बाप मी लहान असताना गेला, या माणसानं मला खांद्यावर बसवून बोर्डिंगात पोचवलं, सुट्टीला मी त्यांच्याच घरी वाढलो. आणि मी त्यांना म्हणालो, दादा, तुम्हाला देता येणार नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'जो हुकूम.' आणि कडक सलाम ठोकला. बाई, शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "आमच्याकडे प्रसाद देताना तुम्ही देव किती मानता असं कुणी विचारत नाही. दारातल्या कुत्र्यालासुद्धा मिळतो!"

एस्तेरनं मला टेबलाखालून चिमटा काढला. पाळक शांतपणे म्हणाले, "कुत्र्याला मिळतो हे खरं. माझ्या आजोबाला मात्र देवळाच्या पायरीवरसुद्धा मिळत नव्हता." मी दुसरा पेढा उचलला आणि तोंड बंद केलं.

पण खरं दुखणं पुढेच होतं. एस्तेरची आई, राहेलकाकू. त्यांचं त्र्यैक्याशी काही भांडण नाही. पण त्या दिवसापासून त्याही प्रभुभोजन घेत नाहीत. नवरा उपाशी आणि मी खाऊ होय, म्हणतात. शहरात या कामाला बेकरीचा पाव आणतात. त्या गावात मात्र पहिल्यापासून घरची, गव्हाची, बिनखमिराची जाड भाकर लागते, आणि तीस वर्षं ती राहेलकाकूंच्याच हातची. अजूनही त्याच करतात. फडक्यात गुंडाळून आणतात, पाळकांच्या हातात देतात आणि मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी जाऊन बसतात.

"त्यांची भाकर मी मोडतो, गावाला वाटतो आणि त्यांना देत नाही," पाळक म्हणाले. एवढं बोलून ते पुन्हा सायकलपाशी गेले, पण पंक्चर काही त्यांना सापडेना.

वाटेत एस्तेर मला म्हणाली, "दिवाळीत आईला छातीचं मोठं दुखणं आलं होतं. डॉक्टरांनी तर आशाच सोडली होती. ती प्रभुभोजनावाचून तशीच गेली ना सुमन, तर मी दादांनाही माफ करणार नाही आणि दाविदलाही नाही." तेव्हा मला कळलं की ही मला नुसती हवापालटाला घेऊन आलेली नाही.

शुक्रवार, गावात

हवालदार म्हणजे सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, पाठ अशी ताठ की भिंतीलाही लाज वाटावी. मला बघताच म्हणाले, "बाईंचा बिस्तरा कुठाय?" माझा बिस्तरा नव्हताच. त्यांनी स्वतः खाट टाकली, चादरीचे चारी कोपरे दाबून बसवले आणि दोन पावलं मागे जाऊन तपासलं.

भिंतीवर एकच फोटो. फौजी टोपीतला कोवळा पोरगा, हसू दाबून उभा. बन्यामीन, एस्तेरचा धाकटा भाऊ, घरचा बेन्या. एकाहत्तरच्या लढाईत गेला. मला ते माहीत होतं, पण एक गोष्ट एस्तेरनं तिथे उभं राहून सांगितली. भरतीच्या वेळी त्याची छाती अर्धा इंच कमी भरली होती. हवालदारांनी महिनाभर पहाटे त्याला पळवलं, अंडी-दूध चारलं, आणि पुन्हा स्वतः नेऊन भरती करून आणला. फोटोखाली स्टुलावर त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं. पानोपानी लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा, जशा मी पेपरांवर करते.

त्या दिवशी गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना. येशू क्रुसावर होता ते हे तीन तास, म्हणून पाणीही न पिता बसायचं. उन्हाचा तडाखा, वर पत्रे. चर्चला ही मंडळी देऊळच म्हणतात, तेव्हा मीही चप्पल बाहेर काढून सतरंजीवर बसले. येशूनं मरताना काढलेले सात उद्गार एकेक करून पाळकांनी उलगडले. हवालदार मागच्या बाकावर ताठ. तीन तासांत त्यांची मान इकडची तिकडे झाली नाही. जो माणूस येशूला देव मानत नाही तो त्याच्या मरणाला असा बसतो, हे मला काही केल्या कळेना.

संध्याकाळी उपास सुटला तो शाळूची भाकरी आणि मिरचीच्या खर्ड्यानं. आम्ही वऱ्हाडचे, तिखटाचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात मी मोठा घास घेतला. पुढची पाच मिनिटं मला डोळ्यांपुढे काही दिसलं नाही. शेजारची एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लय लागलं बाईंच्या मनाला. येशूचं मरण तसंच हाय, बाई." मी मान हलवली. खरं सांगायची ती वेळ नव्हती.

जेवणं होतात तोच आबा पाटील आले. हे हवालदारांचे फौजेतले जोडीदार. घरचा वीस एकर ऊस, घरचं गुऱ्हाळ, पैलवानी कान. काकवीचा तांब्या घेऊन आले आणि ठेवला नेमका माझ्या पेपरांवर. कलंडला. सातवी ब चे बावीस पेपर काकवीत!

"आता पोरास्नी मार्क तरी गोड द्या," आबा म्हणाले. आणि हवालदारांच्या माठातून स्वतःच पाणी घेऊन प्यायले. मी बघत होते हे त्यांनी हेरलं. "बाई, फौजेत आमी दोघं एका मगातनं प्यालो. गावात आलो तवा आमच्या म्हातारीनं मला चार दिस वसरीत जेवायला वाढलं. पाचव्या दिशी दमली."

मग कळलं की दुसऱ्या दिवशी दुपारी जोड ठरली होती. शब्द कुस्तीचा, पण गाठ शास्त्राची. या मंडळीत हवालदारांच्या वडिलांपासूनची रीत आहे. समोरासमोर दोन घोंगड्या टाकायच्या, मध्ये पंच, पंचाशेजारी पाण्याचा माठ. आळीपाळीनं एकेकानं प्रश्न विचारायचा. ज्याला उत्तर सुचलं नाही त्यानं उठून समोरच्याला पाणी द्यायचं. संपलं. हार-जीत कुणी तोंडानं म्हणत नाही.

"दाव्या जिंकला तर मी समद्यांसंगं उभा राहून म्हणीन, तिघं एक," हवालदार म्हणाले. "मी जिंकलो तर त्यानं तसंच मला पंगतीला घ्यावं. पंच मातुर दोन्हीकडचा नको."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हनूनच," आबा म्हणाले.

शनिवार सकाळ, सांगली

राहेलकाकूंना रसासाठी मनुका हव्या होत्या. पहिल्या एस.टी.नं मी त्यांच्याबरोबर सांगलीला गेले. ठेंगणी, सावळी बाई. चालताना दर शंभर पावलांवर थांबायची आणि आपण थांबलोय हे कळू नये म्हणून एखाद्या दुकानाकडे बघायची.

हळदीची पेठ मी जन्मभर विसरणार नाही. पोती पिवळी, रस्ता पिवळा, हमालांच्या भुवया पिवळ्या. सगळ्या गावाला हळद लागली आहे आणि नवरदेव कुठे दिसत नाही! मला एकामागून एक एकोणीस शिंका आल्या. काकूंनी मोजल्या. एका व्यापाऱ्यानं आपणहून स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "नव्या माणसाला होतंच. आम्हाला बाहेरगावी गेलो की होतं, हळद नसली की." पुढच्या गल्लीत गुळाच्या ढेपा, त्यांच्यावर माश्या आणि माश्यांवर कुणाचाच राग नाही. भडंगाचा, म्हणजे तिथल्या तिखट चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. काकूंनी पाय पाण्यात सोडले.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला कुणाचं पटतं? पाळकांचं की काकांचं?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई. तीन असत्याल न्हाईतर एक असंल. देव काय मोजायला बसलाय व्हय?"

"मग तुम्ही तरी घ्या की प्रभुभोजन. तुम्हाला कुणी नको म्हटलेलं नाही."

"घरचा माणूस उपाशी असला तर तुमी जेवता?"

"चिडले असले तर जेवते," मी खरं ते सांगितलं. काकू खळखळून हसल्या आणि हसता हसता त्यांनी छाती धरली.

मग म्हणाल्या, "मन लय होतं हो. भाकर थापताना तर लय होतं. वास येतो ना. पर त्येंला एकटं कसं सोडू? चार वरसं झाली, पोराचं नाव न्हाई काढलं त्यांनी तोंडातनं. माझ्याजवळ बी न्हाई. देवाचंच बोलत्यात. उठलं की देव, बसलं की देव. तार आली तवा मी रडले, एस्तेर रडली, आबा भाऊजी रडले. ह्ये न्हाई." त्यांनी थोडं भडंग नदीत टाकलं, मासे आले, ते बघत बसल्या. मला त्या क्षणी ती बाई इतकी आवडली की वाटलं, हिला उचलून अमरावतीला घेऊन जावं.

शनिवार दुपार, चिंचेखाली

तीन वाजता देवळाच्या अंगणात चिंचेखाली अख्खी मंडळी जमली, शिवाय गावातले बरेच हिंदू आणि दोन मुसलमान. मी माठाशेजारी. काकू देवळाच्या पायरीवर मनुका निवडत बसल्या. पाळक कालच्या उपासनेपासून गावातच होते. आज पँट-शर्ट घालून घोंगडीवर मांडी घातली.

पहिला प्रश्न हवालदारांचा. "त्र्यैक्य ह्यो शब्द सबंध शास्त्रात कुठं हाय? पान दाव."

"शब्द नाही, दादा. अर्थ आहे," पाळक म्हणाले. "शास्त्र म्हणजे काही कवायतीचं पुस्तक नाही, की अक्षराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते घरून आलेलं पत्र आहे. पत्रात लिहिलेलं वाचायचं, आणि न लिहिलेलंही वाचायचं."

"पत्र म्हण न्हाईतर तार म्हण," हवालदार म्हणाले. "मला आलीया तार. शंभर बारी वाचली मी. एखादा शब्द इकडचा तिकडं व्हतोय का बघितलं. न्हाई झाला. लिहिल्यालं असतं त्येच असतं, दाव्या." पाळकांनी खाली बघितलं. पण पाणी द्यायला उठले नाहीत, आणि मीही उठा म्हटलं नाही.

पाळकांनी विचारलं, "येशू देव नाही, तर त्याच्यापुढे गुडघे का टेकता? काल तीन तास कुणासाठी बसला होता?"

"साहेबाचा हुकूम घेऊन शिपाई आला तर आपण उठून उभं राहतो. सलाम त्या शिपायाला नसतो, धाडणाऱ्याला असतो." मंडळीत कुजबुज झाली. मला हे उत्तर बिनतोड वाटलं. हवालदारांनी तेवढ्यात पुढचा डाव टाकला. "येशू सोता म्हणतो का न्हाई, बाप माझ्यापरास मोठा हाय म्हणून?"

"म्हणतो. आणि तोच म्हणतो, मी आणि बाप एक आहोत. दोन्ही त्याचंच बोलणं. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही."

इथे आबा पाटलांना राहवेना. हात वर करून म्हणाले, "पंचबाई, मला हवालदाराच्या बाजूनं बोलायचं हाय." मी परवानगी दिली. ही माझी चूक.

"देव एकच असतोय, हवालदार बराबर बोलतोय," आबा म्हणाले. "आता आमचं दत्तगुरू बघा औदुंबरचं. तोंडं तीन. ब्रह्मा, विष्णू, महेश. पर देव किती? एक! आमी काय तिघांस्नी येगयेगळा निवद दावतो व्हय? एकच ताट! तवा तीन असलं तरी एकच, ह्ये कुणी बी शाना माणूस मानंल." आणि छाती फुगवून बसले.

चिंचेवरचे कावळे उडाले इतके लोक हसले. पाळक लाल झाले. "तसं नव्हे, पाटील... म्हणजे अगदीच तसं नव्हे..." आपल्या बाजूला असा माणूस आलेला त्यांना परवडेना. हवालदारांनी कपाळावर हात मारला. "आबा, तू कुणाच्या बाजूचा हाईस रं?"

"तुझ्याच की गड्या! एकच देव म्हनलो न्हवं?"

हसण्यात ते निभावून गेलं असतं. पण पाळकांना वाटलं, आता नेटानं बोलायलाच हवं. ते गुडघ्यावर पुढे सरकले. "दादा, माझा शेवटचा सवाल. क्रुसावर मेला तो कोण? देव नव्हता म्हणता, तर मग देवानं काय केलं? आपण सुखानं बसला आणि दुसऱ्याला मरायला धाडला? असल्या देवाला मी देव कसा म्हणू?"

हवालदार उभे राहिले. "धाडनारा धाडतो! आन् धाडनारा मरत न्हाई! तो मागं राहतो. खातो, पितो, मिशीला पीळ देतो. लोक सलाम करत्यात त्येला. धाडनारा येगळा आन् मरनारा येगळा. ह्ये मला शास्त्रातनं शिकवू नगंस, दाव्या. बेन्याची छाती अर्धा इंच कमी भरली हुती. परत पाठवला हुता त्यांनी त्येला. मी न्येला. मी!"

पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. तीन वर्षं आपण कशावर वाद घालतोय हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मला तर कळलंच.

पायरीवरून आवाज आला. "पंचबाई, मला एक इचारायचं हाय."

या रीतीत बाया बोलत नाहीत, असं मागून कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, पंचही बाईच आहे, विचारा काकू.

राहेलकाकू मनुकांचं सूप बाजूला ठेवून उठल्या. नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीलासुद्धा लागत नव्हत्या. "आवं, धाडनारा मागं राहतो म्हनता. कुटं राहिलाय तुमी? तार आल्यापासनं एक घास चवीनं खाल्लाय? कवा हसलाय? एस्तेर घरी आली तर तिच्याशी धड बोललाय? चार वरसं मी दोन ताटं वाढतीया, आन् समोर कोन बसतंय त्ये माझं मला ठावं. तुमी बी त्याच दिशी गेलाय त्येच्यासंगं. माझ्या घरात मागं राहिल्यालं कोन हाय, तेवढं दावा मला."

हवालदार वळले, माझ्या शेजारच्या माठातून पाणी घेतलं आणि बायकोपुढे धरलं. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. काकू प्याल्या. आणि मग तो ताठ माणूस तिथेच घोंगडीवर बसला आणि मोठ्यानं रडला, चार वर्षांचं एकदम. पाळक उठून त्यांच्या घोंगडीवर गेले आणि लहान पोरासारखे त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. आबा पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मीही रडले, आणि यावेळी खर्ड्याचा काही संबंध नव्हता.

निकाल कुणी विचारला नाही. मंडळी हळूहळू उठून घरी गेली. पण प्रश्न तसाच राहिला होता, कारण पाणी बायकोला दिलं होतं, पाळकांना नाही. एस्तेर मला म्हणाली, "आता उद्या काय?" मला कुठे माहीत होतं!

रविवार, ईस्टर

आमच्याकडे सणाला आधी देवाला नैवेद्य आणि मग दिवसभर पंगती. इथे सूर्य उगवायच्या आत सगळे नवे कपडे घालून स्मशानात जातात, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात आणि गाणी म्हणतात. येशू या पहाटे कबरीतून उठला म्हणून. बायका झेंडू-मोगऱ्याची टोपली घेऊन हसत-बोलत थडग्यांमधून हिंडत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे.

देवळात आल्यावर काकूंनी फडक्यातली भाकर पाळकांच्या हातात दिली आणि नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे भिंतीशी. सगळे उभे राहून विश्वास म्हणू लागले. हवालदारही उभे राहिले, पण ओठ मिटलेले. एस्तेरनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

पाळकांनी भाकर मोडली. पुढच्या रांगांना दिली. मग ताट घेऊन मधल्या वाटेनं मागे येऊ लागले. पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी वळून बघितलं. शेवटच्या बाकापाशी येऊन पाळक थांबले. नियमाप्रमाणे त्यांना विचारायलाच हवं होतं, आणि त्यांनी विचारलं. "दादा, काय मानता?"

हवालदार सावधान उभे राहिले. "तिघं एक कसं हायत त्ये मला अजून कळलं न्हाई. खोटं बोलणार न्हाई मी देवळात. पर लेक मेला तवा बाप मागं राहिला नव्हता. बाप बी त्येच्यासंगंच मेला. येवढं मी मानतो, दाव्या. येवढ्यावर देतोस का?"

पाळकांनी वडीलधाऱ्यांकडे बघितलं नाही. त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "मलाही एवढंच कळलंय, दादा. तेही काल."

पुढून कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांत म्हातारे जे होते, ज्यांनी नियम काढला होता, ते फक्त पुन्हा पुढे तोंड करून बसले. हवालदारांनी तुकडा घेतला, आणि तोंडाकडे न नेता बायकोपुढे धरला. "आदी तू."

राहेलकाकूंनी मान हलवली. ताटातून दुसरा तुकडा आपल्या हातानं उचलला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदमच खाऊ."

आणि दोघांनी एकदम खाल्लं.